झऱ्यावरच्या जमिनीतली झाडं, पाखरं आणि जनावरं कशी नोंदवावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. वरच्या अंगाला काजू, मध्ये थोडं रान, खाली सुपारी-नारळाची बागायत. रानाच्या कडेला जांभ्याच्या दरडीखालून एक झरा निघतो. त्याचा पाट बागेत फिरतो आणि उरलेलं पाणी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. या जमिनीवर काय उगवतं, काय राहतं आणि रात्री पाण्याला काय येतं याच्या नोंदी आम्ही काही वर्षं ठेवत आलो आहोत. तशीच जमीन असलेले कोकणातले, घाटावरचे आणि गोव्यातले लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. उदाहरणं दक्षिण कोकणातली आहेत. तुमच्याकडे नावं बदलतील, रीत साधारण तीच राहील.

आमच्याकडे घनदाट जंगल नाही, नुसता झरा आणि बाग आहे. तिथे नोंदवण्यासारखं काय असणार?

आंबोलीचं हिरण्यकेशी मंदिर आठवा. नदी जिथे उगम पावते तिथलं ते लहानसं कुंड. पिढ्यानपिढ्या भाविक तिथे जात आले, कुंडातले मासे सगळ्यांनी पाहिले. त्यातला एक चिमुकला मासा विज्ञानाला नवा आहे हे २०२० साली जाहीर झालं. शिस्तुरा हिरण्यकेशी असं त्याचं नाव ठेवलं गेलं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. दोन-अडीच हेक्टर म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम बागायतीएवढीच जागा.

दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे कानळाची राई आहे. तिथे रानजायफळाची झाडं कायम ओल्या चिखलात उभी आहेत आणि त्यांची मुळं श्वास घेण्यासाठी दुमडलेल्या गुडघ्यांसारखी चिखलातून वर येतात. तेही वारसा स्थळ आहे, क्षेत्र २.५९ हेक्टर. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई याच जातीची. या दोन्ही राया आज उभ्या आहेत त्या देवाच्या म्हणून राखल्या गेल्यामुळे आणि तिथलं पाणी आटलं नाही म्हणून.

कारण साधं आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मार्च उजाडला की सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, करपतात, व्हाळ तुटक डोहांवर येतात. अशा वेळी जो झरा वाहत राहतो त्याच्या भोवती ओलाव्यावर जगणारे जीव गोळा होतात. काही तर त्या ओलाव्याबाहेर कधी गेलेलेच नसतात. त्यामुळे झऱ्याची जमीन एकरांत मोजून तिचं मोल कळत नाही.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या किंवा वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून. पाण्याची पाळी ज्यांनी सांभाळली, गुरं ज्यांनी राखली त्यांच्याकडे अशी माहिती असते जी कुठल्याही नकाशात नाही. झरा कधी आटला होता का, कुठल्या साली? पूर्वी उपळ (पावसाळ्यात जमिनीतून फुटणारं पाणी) कुठे लागायचा? कुठल्या कोंडीत मासे धरायचे? कुठलं झाड तोडलं आणि नंतर काय बदललं? आमच्या आजीने सांगितलं की झऱ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी आणखी एक ओल होती आणि तिथे केवडा होता. केवडा आता नाही, पण जागा तिने दाखवली. पुढे पहिल्या पावसाळ्यात आम्हाला तिथेच तेरं आणि लव्हाळी सापडली. ओल मेली नव्हती, खोल गेली होती.

मग एक कागद घ्या आणि जमीन पायी फिरून हाताने नकाशा काढा. झऱ्याचं मुख, पाट, गडगे (दगडी कुंपणं), मांगर (शेतातली खोपटी), मोठी झाडं, सावलीची जागा, गुरांची वाट. मोबाइलवरचा नकाशा नंतर जोडता येतो. हाताने काढताना जे दिसतं ते वरून घेतलेल्या चित्रात दिसत नाही.

झऱ्याचं पाणी मोजायची खरंच गरज आहे का? आम्हाला झाडं आणि प्राणी नोंदवायचे आहेत.

आहे, आणि तीच नोंद सगळ्यात आधी. बाकी सगळं त्या धारेवर अवलंबून आहे. एखाद्या वर्षी बेडूक कमी दिसले तर त्याचं कारण पाणी की आणखी काही, हे पाण्याचा आकडा नसेल तर कधीच कळणार नाही.

रीत सोपी आहे. सगळी धार एका पन्हळीतून किंवा पाइपमधून बादलीत पडेल असं करा. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा आणि सरासरी काढा. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो सकाळी, पंप लावायच्या आधी मोजायचं. सोबत पाण्याचं तापमान घ्या. खोलवरून येणारं पाणी वर्षभर जवळजवळ सारख्याच तापमानाचं असतं, म्हणून थंडीत पहाटे कोमट आणि मे महिन्यात गार लागतं. ज्या झऱ्याचं तापमान हवेबरोबर वरखाली होतं त्याचं पाणी उथळ जागेतून येतंय असं समजायला हरकत नाही, आणि असा झरा उन्हाळ्यात लवकर दगा देतो.

पाणी येतं कुठून हेही पाहून ठेवा. आमच्याकडे वर जांभा आहे. तो भोकाभोकांचा, पाणी पिऊन घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी पुढे मुरत नाही आणि दोन्हींच्या सांध्यातून बाहेर पडतं. घाटावर बेसॉल्टमध्ये हेच काम दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा पट्टा करतो. याचा अर्थ, तुमच्या झऱ्याचं पाणी जिथे मुरतं ती जागा वरच्या सड्यावर, कदाचित दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. तिथे चिऱ्याची (जांभा दगडाची) खाण निघाली तर झरा तुमच्या बागेत आटेल. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही संस्था झरे आणि भूजल यांवर अनेक वर्षं काम करते आहे. झऱ्याचं मूळ क्षेत्र ठरवायला अशा जाणकारांची मदत घ्यावी, अंदाजाने ठरवू नये.

कुठल्या महिन्यात पाहणी करावी?

बाराही महिने थोडी थोडी. एकच फेरी जमणार असेल तर लोक पावसाळा निवडतात, कारण तेव्हा सगळं हिरवं आणि बोलकं असतं. मी एप्रिलचा शेवट सांगेन. पावसाळ्यात सगळीकडेच ओल असते, त्यामुळे झऱ्याचं म्हणून काय ते वेगळं दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये जे हिरवं आहे, जे पाण्याला येतं आहे, तेच झऱ्याचं.

त्याखालोखाल जूनचे पहिले दहा दिवस बेडकांसाठी, सप्टेंबर-ऑक्टोबर फुलांसाठी आणि चतुरांसाठी, जानेवारी स्थलांतरित पक्ष्यांसाठी. मेच्या शेवटी काजवे कुठल्या झाडांवर जमतात ते एका रात्री उभं राहून पाहा.

झाडं ओळखता येत नाहीत. मग नोंद कशी ठेवणार?

नाव नंतर मिळतं, नोंद आज ठेवायची असते. प्रत्येक झाडाला एक आकडा द्या. नीट दिसतील असे फोटो घ्या: पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची आणि खालची बाजू, पानं फांदीवर कशी लागली आहेत ते, फूल, फळ. चीक येतो का, चुरगळल्यावर वास येतो का, हे लिहून ठेवा, कारण ते फोटोत येत नाही. आणि गावात त्या झाडाला काय म्हणतात ते नक्की लिहा. एकाच झाडाला दोन वाड्यांत दोन नावं निघतात, दोन्ही लिहा.

फूल किंवा फळ नसताना बऱ्याच झाडांची खात्रीने ओळख पटत नाही. म्हणून आकडा दिलेल्या झाडाकडे महिन्यातून एकदा परत जायचं. कधी नवी पालवी, कधी कळी, कधी फळ, कोण खायला आलं. वर्ष संपता संपता नावं आपोआप भरत जातात आणि एक फुलण्या-फळण्याचं पंचांग हातात येतं, जे नावांच्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

अडलेल्या झाडांसाठी जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग गाठा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. फोटो व्यवस्थित असतील तर लोक आनंदाने सांगतात.

चौकटी आखून मोजणी करतात म्हणे. ती कशी?

झऱ्याच्या मुखापासून उताराच्या आडव्या दिशेने एक सरळ दोरी ताणा, ओलीतून कोरड्यात जाणारी. त्या दोरीवर ठरावीक अंतराने १० मीटर बाय १० मीटरच्या चौकटी घ्या. त्यातल्या, छातीच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर असलेल्या प्रत्येक झाडाचा घेर मोजा. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात १ मीटर बाय १ मीटरची लहान चौकट घेऊन गवत, नेचे, रोपं मोजा. चार कोपऱ्यांना चिरे पुरून ठेवा, लाकडी खुंट्या वाळवी खाते. पुढच्या वर्षी त्याच चौकटीत मोजलं तरच तुलना होते.

रोपं मोजायला कंटाळू नका. मोठं जांभूळ पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतं. त्याच्याखाली जांभळाचं एकही रोप नसेल तर पुढच्या पन्नास वर्षांची गोष्ट तिथे कळते.

झऱ्याची म्हणून कोणती झाडं ओळखावीत?

मोठ्यांत उंबर, पाणजांभूळ, करंज, भेर्ली माड. ताम्हण तर पाण्याकाठचंच झाड. मे महिन्यात व्हाळाच्या कडेने जांभळी फुलं दिसली की आपलं राज्यफूल घरी भेटल्याचा आनंद होतो. घाटावर नदी-ओढ्याकाठी वाळुंज आणि अर्जुन भेटतात. सावलीच्या ओलीत वेत, पेव, तेरं, रानहळद. चिखलाच्या जागी केवडा, वेखंड, नागरमोथा, लव्हाळी.

नेच्यांकडे लोक बघत नाहीत आणि ते खरं तर सगळ्यात आधी बघावेत. फुलं-बिया नसलेल्या या वनस्पतींना फलनासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. भर उन्हाळ्यात दरडीवर कोवळे नेचे टिकून असतील तर ती दरड वर्षभर ओली आहे याची ती खूण आहे, मग पाणी डोळ्यांना दिसो वा न दिसो. आमच्या झऱ्याचं दुसरं, लपलेलं तोंड आम्हाला नेच्यांनीच दाखवलं.

वरच्या सड्यालाही विसरू नका. पावसाळ्यात तिथे पाझरणाऱ्या पातळ पाण्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात. शेवटच्या दोन्ही किडे खाणाऱ्या, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नसतं. तुमच्या झऱ्याचं पाणी बहुधा तिथेच मुरतं, त्यामुळे सडा हा त्याच पाहणीचा भाग.

बेडूक कसे नोंदवायचे? सगळे सारखेच दिसतात.

आधी कानाने. रात्री आठ ते दहा, पाऊस उघडल्यावर, एका जागी दहा मिनिटं बत्ती विझवून बसा आणि किती वेगळे आवाज येतात ते मोजा. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. एकाच जातीचा नर शेजाऱ्यापेक्षा जरा वेगळा वाटू शकतो, पण दोन जातींचे आवाज एकदा कानात बसले की सहसा फसवत नाहीत.

मग अंडी कुठे घातली आहेत ते शोधा. सह्याद्रीतल्या बेडकांची खरी ओळख मला तिथेच झाली. मलबारचा उडणारा बेडूक डोहावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. आत पिल्लं तयार झाली की ती खाली पाण्यात पडतात. फांदी तोडली तर डोह असून उपयोग नाही. ओढ्यातले रातबेडूक पाण्यावर आलेल्या पानांवर आणि दगडांवर अंडी चिकटवतात. आणि इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं डोहात राहतच नाहीत. ती ओल्या दरडीवर, पाण्याच्या कागदाएवढ्या थरात दगडाला चिकटून फिरतात. रात्री बत्तीच्या तिरप्या उजेडात दरड न्याहाळली की ती दिसतात. या गटातली इंडिराना चिरावासी ही जात २०१४ मध्ये आंबोलीतूनच जगासमोर आली.

बागेतल्या ओल्या मातीत खणताना गांडुळासारखा पण जबडा आणि दात असलेला प्राणी निघाला तर मारू नका. तो देवगांडूळ, बिनपायांचा उभयचर. साप समजून किंवा अपशकुनी म्हणून तो बऱ्याचदा मारला जातो. तो निरुपद्रवी आहे.

बेडूक हातात घेऊ नका. त्यांची कातडी श्वास घेते आणि तिला बुरशीचा एक रोग होतो, जो सह्याद्रीतही आढळला आहे. एका झऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना गमबूट घासून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा.

झऱ्याला सिमेंटची टाकी बांधून घ्यावी का? पाणी वाया जातं.

ही चूक आम्ही केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. पाहणी सुरू करायच्या आधी आम्ही झऱ्याच्या मुखाशी काँक्रीटची चौकोनी टाकी बांधली आणि दरड सिमेंटने लिंपली. पाणी स्वच्छ दिसू लागलं, पंपाला सोपं झालं. त्या वर्षीच्या पावसात दरडीवर बेडकांची पिल्लं दिसली नाहीत. आधी ती असायची हे आम्हाला मुलांच्या आठवणीतून माहीत होतं, लेखी नोंद नव्हती. म्हणजे आपण काय गमावलं याचा आकडाही आमच्याकडे नव्हता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तीन वर्षांनी एका बाजूचं लिंपण फोडलं, दरडीवरून पाणी पुन्हा पाझरू दिलं आणि टाकी मुखापासून वीस पावलं खाली हलवली. दुसऱ्या पावसाळ्यात पिल्लं परत आली. शेजारच्या व्हाळात ती टिकून होती म्हणून परत येऊ शकली. जिथे शेजारी व्हाळ नाही तिथे परत कोण येणार?

पाणी नळाने न्यायचं असेल तर जरूर न्या. फक्त मुख, ओली दरड आणि मुखाखालचा पहिला पट्टा उघडा ठेवा, थोडी धार जमिनीवरून वाहू द्या. ‘वाया जाणारं’ पाणी म्हणजे खालच्या व्हाळाचं पाणी. आणि बांधकामाआधी एक पूर्ण वर्ष नोंदी ठेवा.

पाण्यातले लहान जीव नोंदवायचे का?

हो, आणि ते मुलांसोबत करावं. धारेतला एक दगड अलगद उलटा करा. वाळूचे खडे चिकटवून नळीसारखं घर करणारी कॅडिसफ्लायची अळी, शेपटीला तीन केस असलेली मेफ्लायची पिल्लं सापडली तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे आणि घाण नाही. फक्त लाल अळ्या आणि जळवा असतील तर वरच्या अंगाला कुठूनतरी शेण, साबण किंवा खत उतरतंय का ते पाहा. दगड होता तसाच परत ठेवायचा.

चतुर आणि टाचण्या उडताना सुंदर दिसतात, पण त्यांचं बरंचसं आयुष्य पाण्याखाली जातं. एकेक जात जागा धरून असते: कुणी उन्हातल्या डोहावर, कुणी सावलीतल्या खळाळावर. सावलीतली हिरव्या-निळ्या झळाळीची टाचणी वाहत्या स्वच्छ पाण्याकाठीच भेटते. ओल्या मातीवर थवा करून बसलेली फुलपाखरं बहुतेक नर असतात, मातीतले क्षार शोषायला आलेले. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतसुद्धा तिथे बसतं, आणि त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, म्हणून बागेतल्या लिंबावर औषध मारण्याआधी पानं पाहा.

खेकडे मोजताना बिळं मोजा. सह्याद्रीत गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या नव्या जाती गेल्या काही वर्षांत अनेक सापडल्या आहेत, त्यामुळे रंग वेगळा दिसला तर फोटो घ्या.

डासांसाठी झऱ्यात गप्पी मासे सोडू का?

नको. वाहत्या झऱ्यात डास फारसे होत नाहीत आणि गप्पी बाहेरचे आहेत. ते अंडी आणि बेडकांची पिल्लं खातात आणि एकदा शिरले की काढता येत नाहीत. तिलापियाचंही तेच.

पक्ष्यांची मोजणी कशी करावी?

ठरलेल्या चार-पाच जागा, प्रत्येक जागी दहा मिनिटं, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, महिन्यातून दोनदा. जे ऐकू आलं तेही लिहायचं. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ओळखून सुचवतं, पण ते सुचवणं आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पक्कं समजू नये.

झऱ्यावर वाट पाहावी अशा तिघांची नावं सांगते. शीळकरी कस्तूर, जो पावसाळ्यात पहाटेच्या अंधारात माणसाने शीळ घालावी तसा गातो आणि पाण्याजवळच्या कपारीत घरटं करतो. तिबोटी खंड्या, मूठभर रंगीत पक्षी, जो पावसाळ्यातच व्हाळाकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, त्यामुळे त्या दिवसांत काठाची माती खणू नये. आणि करडा धोबी, जो थंडीत येतो आणि दगडादगडावर शेपटी हलवत फिरतो. तो आल्याची आणि गेल्याची तारीख दरवर्षी लिहा. नवरंगाचीही लिहा, तो पावसाच्या तोंडावर येतो.

रात्री कोण येतं ते कसं कळेल?

पाण्याकाठचा चिखल ही आयती वही आहे. संध्याकाळी एक-दोन मीटरचा पट्टा हाताने सपाट करा, वर चाळलेली बारीक माती भुरभुरवा, सकाळी ठसे पाहा. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो घ्या. मांजरकुळातल्यांच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. बिबट्याच्या नावाने जे फोटो मला येतात त्यात कुत्र्याचे ठसे भरपूर असतात.

विष्ठाही बोलते. खडकावर भेर्ली माडाच्या बिया असलेली विष्ठा म्हणजे उदमांजर, तेच या माडाच्या बिया रानभर पोचवतं. पाण्यालगतच्या दगडावर खेकड्याची कवचं आणि माशांचे खवले म्हणजे पाणमांजराची शक्यता. काटे गळलेले दिसले की साळिंदर.

कॅमेरा लावायचा असेल तर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून सुमारे तीन मीटरवर, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे सूर्य थेट भिंगात येत नाही. समोरचं गवत कापा, नाहीतर हलत्या पात्यांचेच शेकडो फोटो निघतात. पाण्यावर येणाऱ्या बायामाणसांना कॅमेऱ्याबद्दल आधी सांगा आणि माणसांचे फोटो लगेच पुसा. खाणं टाकून जनावर बोलावू नका. जाळं, फास, पिंजरा काहीही लावू नका: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच आहे, जमीन आपली असली तरी.

रानमोडी (हे तण) माजली आहे. पाहणीआधी साफ करू की नंतर?

आधी नोंद. किती जागा तिने व्यापली आहे ते नकाशावर रेघ मारून दाखवा, मग फुलं येण्याआधी मुळासकट उपटा. घाणेरीच्या जाळीत मात्र घाई नको. तिच्या आडोशाला पक्षी आणि लहान जनावरं राहतात, म्हणून टप्प्याटप्प्याने काढा आणि मोकळ्या जागी लगेच तिथलंच काहीतरी लावा. झऱ्याच्या दहा-पंधरा मीटरच्या आत तणनाशक कधीही नको.

नोंदी कुठे टाकायच्या? दुर्मीळ जनावराची जागा चोरांना कळली तर?

मूळ नोंद वहीत, तारीख-वेळ-जागा-हवामान यांसह. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर, पक्षी ईबर्ड या संकेतस्थळावर. तिथे ओळखायला मदत करणारे जाणकार भेटतात.

भीती रास्त आहे. खवले मांजर, कासव, काही ऑर्किड यांच्या मागावर लोक असतात. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. खवले मांजराचं बीळ, धनेशाची ढोली यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकूच नका. काही नोंदी वहीतच राहिल्या तरी चालतं.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ती असायलाच हवी. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तुमची यादी जोडायला द्या. गावाची नोंदवही घाईत भरली गेली असेल तर तुमच्या वर्षभराच्या नोंदींनी तिला वजन येईल.

काही दुर्मीळ सापडलं तर सरकार जमीन घेईल का?

दुर्मीळ जात सापडली म्हणून मालकी जात नाही. वारसा स्थळ घोषित करायचं तर राज्य सरकारने स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करायची असते. प्राणी संरक्षित असेल तर त्याला मारता, पकडता येत नाही, पण हे तो सापडण्याआधीही तसंच होतं. या भीतीपोटी लोक नोंदी लपवतात आणि नंतर वर खाण मंजूर झाली की तिथे काय होतं हे सांगायला कागद नसतो.

काय काळजी घ्यावी?

आमच्या पट्ट्यात पहिली काळजी माकडतापाची. सिंधुदुर्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीमुळे पसरतो आणि त्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमके काजूचे आणि आपल्या उन्हाळी पाहणीचे. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं. पाल्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला लगेच कळवा. रानातून आल्यावर काही दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. रात्री गमबूट, हातात काठी, चांगली बॅटरी, आणि कधीही एकट्याने नाही. पाण्याकडेच्या फांदीवर चापडा हा विषारी साप डोळ्यांच्या उंचीला बसलेला असतो, म्हणून हात लावण्याआधी फांदी पाहा. गमबूट घालण्याआधी उलटे करून झटका.

खर्च किती येतो?

बादली, घड्याळ, टेप, दोरी, वही, मोबाइल. यांवर पहिलं वर्ष निघतं. दुर्बीण आणि कॅमेरा नंतर, सवय लागल्यावर.

किती वर्षं करायचं?

पहिल्या वर्षी यादी होते. दुसऱ्या वर्षी वाटतं की काही बदललं, पण तो पावसाचा फरक असू शकतो. तीन-चार पावसाळे गेले की झऱ्याचा स्वभाव कळू लागतो: किती पावसाला किती दिवसांनी धार वाढते, मे महिन्यात ती कुठपर्यंत उतरते, कुठल्या वर्षी कस्तूर उशिरा गायला लागला. आमच्या वहीत दर वर्षी १५ मेचं एक पान असतं. त्या दिवशी घरातलं कुणी ना कुणी पहाटे बादली घेऊन झऱ्यावर जातं, तीनदा धार मोजतं, दरडीवरचे हिरवे नेचे मोजतं, चिखलातले ठसे पाहतं आणि घरी येऊन चहाच्या आधी ते पान भरतं.